उसना दिलेला माणूस: ‘स्किन गेम’ आणि पंधराव्या पुस्तकाचं सुख

एखादी मालिका पंधराव्या पुस्तकात सर्वात चांगली होते असं कुणाला सांगितलं, तर समोरचा आधी हसतो. त्याचंही बरोबर आहे. टीव्हीवरची मालिका हजाराव्या भागापर्यंत कुठे पोचते, हे आपण रोज रात्री जेवताना बघितलेलं आहे. आमटीत पाणी घालत राहायचं आणि पातेलं भरलेलं दाखवायचं, एवढंच त्यात उरतं. त्यामुळे ‘पंधरावा भाग’ म्हटलं की लेखकाला घराचे हप्ते फेडायचे असणार, अशी शंका पहिल्यांदा येते.

जिम बुचरच्या ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ या मालिकेतलं ‘स्किन गेम’ हे पंधरावं पुस्तक. ते मे २०१४ मध्ये आलं, म्हणजे आपल्याकडे चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली त्या वर्षी. मी ते बरंच उशिरा, आधीची चौदा पुस्तकं ओळीने संपवल्यावर, माहुलमध्ये राहून वाचलं. जागेचं नाव मुद्दाम घेतोय, कारण या पुस्तकातली एक गोष्ट मला दुसरीकडे कुठे इतकी खुपली नसती. त्याबद्दल पुढे येईलच. आधी एवढंच म्हणतो, की या पुस्तकाने मला जो आनंद दिला तो पहिल्या पुस्तकाला देताच आला नसता. असं का होतं, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे.

पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. ही मालिका अजून वाचायची असेल आणि कथानक फुटलेलं चालत नसेल, तर इथे थांबा आणि मग परत या.

फोनबुकमधला जादूगार

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोमधला खासगी गुप्तहेर. तो खराखुरा जादूगारही आहे आणि फोनबुकमध्ये त्याने स्वतःची तशी जाहिरातही दिली आहे. उंच, किडकिडीत, कायम कडका. अंगात लांब चामडी कोट, हातात काठी, आणि मार खाताना तोंडात विनोद. त्याची खोकडी फोक्सवॅगन आणि तळघरातलं भाड्याचं घर बघून कुणाचीच छाती दडपत नाही. १९३९ मध्ये रेमंड चँडलरने ‘द बिग स्लीप’मधून फिलिप मार्लो आणला. शहराच्या घाणीत उतरणारा, तोंडाळ, पण आतून सरळ असा गडी. ड्रेस्डेन त्याच घराण्यातला आहे. फक्त त्याच्या गल्लीत गुंडांच्या जोडीला व्हँपायर, परीराज्याच्या राण्या आणि पतित देवदूत राहतात. या प्रकाराला अर्बन फॅन्टसी म्हणतात. राजवाडे आणि जंगलं सोडून जादू पार्किंग लॉटमध्ये आली की ती अर्बन.

मालिकेच्या जन्माची गोष्ट मजेदार आहे. बुचर तेव्हा ओक्लाहोमा विद्यापीठात लेखन शिकत होता. त्याच्या शिक्षिका डेबोरा चेस्टर सांगत ते नियम त्याला पटत नव्हते. सगळे नियम तंतोतंत पाळले तर किती साचेबद्ध पुस्तक तयार होतं, हे त्यांना दाखवून देण्यासाठी त्याने एक कादंबरी लिहायला घेतली. ती चांगली झाली. ‘स्टॉर्म फ्रंट’ नावाने ती २००० साली छापून आली. शहरसुद्धा असंच ठरलं. कॅन्सस सिटी नको, मिसुरी राज्यात आधीच दुसऱ्या लेखिकेची अशी मालिका चालू आहे, असं शिक्षिकेने सांगितल्यावर त्याने त्यांच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर बघून शिकागो निवडलं.

हे पहिल्या पुस्तकात जाणवतं. शहर पडद्यासारखं मागे टांगलेलं आहे, हॅरी इतर हेरांसारखाच बोलतो, बायका चँडलरच्या पुस्तकातून चालत आल्यासारख्या येतात. वाचायला मजा येते, पण पुस्तक मिटल्यावर मागे फारसं काही उरत नाही. पंधराव्या पुस्तकापर्यंत मात्र हॅरीचं घर जळलेलं असतं, गाडी गेलेली असते. एकदा हात इतका भाजलेला असतो की तो पुढची कित्येक पुस्तकं धड चालत नाही. मणका मोडलेला असतो, आणि मुलीला वाचवण्यासाठी त्याने हिवाळ्याची राणी मॅब हिची चाकरी पत्करलेली असते. एकदा तर तो मेलेलाही असतो. अख्खं तेरावं पुस्तक तो भूत म्हणून सांगतो.

झुंजारला वय नव्हतं

मराठी वाचकाला मालिकेतला जबरदस्त नायक नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीला घरच्या माणसांसारखी होती. सुहास शिरवळकरांना आज आपण ‘दुनियादारी’मुळे ओळखतो, पण दारा बुलंद आणि फिरोज इराणी हे त्यांचेच. आणि जादूच्या बाजूने बघायचं तर नारायण धारपांचे समर्थ. अमानवी शक्तींनी घेरलेल्या साध्या माणसांच्या मदतीला येणारे, त्या शक्तींचं शास्त्र जाणणारे समर्थ हे ड्रेस्डेनचे मराठीतले सर्वात जवळचे नातेवाईक म्हणता येतील. शेजारच्या हिंदीत राज कॉमिक्सचा डोगा तर थेट मुंबईचाच. कुत्र्याचा मुखवटा घालून गटारांमधून फिरणारा, कुत्र्यांची भाषा समजणारा.

या नायकांत आणि ड्रेस्डेनमध्ये एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते तो लेखकांच्या कुवतीचा नसून पुस्तक वाचकाच्या हातात कसं पोचतं याचा आहे. अर्नाळकरांचा वाचक वाचनालयात जाऊन जी झुंजारकथा हाताला लागेल ती न्यायचा. तिच्याआधीची शंभर पुस्तकं त्याने वाचली असतील किंवा नसतील. म्हणून प्रत्येक पुस्तकात झुंजार कोरा हवा. मागच्या वेळच्या जखमेचा व्रण नको, मागच्या वेळचं देणं नको. कुठलंही पान उघडा, तो तसाच तडफदार. वाचनालयासाठी हा गुण होता. त्या वाचकाला भरवशाचा माणूस हवा होता आणि अर्नाळकरांनी तो हजार वेळा दिला.

समर्थांचं थोडं वेगळं आहे. समर्थ मुळातच संकटाच्या वर उभे आहेत. ती गुरूची जागा आहे. त्यांच्याकडे बघून आपल्याला धीर येतो, पण त्यांचं उद्या काय होईल याची काळजी लागत नाही. धारपांची खरी ताकद समर्थांपेक्षा त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या घाबरलेल्या माणसात आहे. चारचौघांसारखं घर, चारचौघांसारखी नोकरी, आणि एक दिवस त्या घरात काहीतरी बदलतं.

आज आपण वाचतो तो फोनवर. अख्खी मालिका एका खाली एक, क्रमांक घातलेली. एक संपलं की पुढचं तिथेच तयार. ऐकणाऱ्यांसाठी जेम्स मार्स्टर्सच्या आवाजातली ऑडिओबुक्स आहेत. असा वाचक काही विसरत नाही, आणि विसरला तरी शोधून काढतो. बुचर या वाचकासाठी लिहितो. त्याने पाचव्या पुस्तकात टाकलेलं बी पंधराव्यात उगवतं. नायकाला वय येतं, व्रण राहतात, आणि मुख्य म्हणजे कुठलीही उधारी माफ होत नाही.

उधारीचं पुस्तक

‘स्किन गेम’ची सुरुवातच उधारीने होते. हॅरी लेक मिशिगनमधल्या एका बेटावर जवळपास वर्षभर एकटा अडकलेला आहे. डोक्यात काहीतरी वाढतंय आणि ते लवकरच कवटी फोडून बाहेर येणार आहे. मॅब त्याची वेदना रोखायची सोय करते आणि त्या बदल्यात काम सांगते. निकोडेमस नावाच्या माणसाचं तिच्यावर एक जुनं देणं आहे. ते फेडायला ती आपला सरदार त्याला उसना देते. हॅरीने त्याच्या टोळीत जाऊन एक दरोडा घालायला मदत करायची.

निकोडेमस कोण, हे जुन्या वाचकाला सांगावं लागत नाही. दोन हजार वर्षं जगलेला, पतित देवदूताला अंगावर वागवणारा, या मालिकेतला सर्वात घाण माणूस. त्याने हॅरीच्या माणसांना छळलंय, त्याचा जिवलग मित्र मायकल कार्पेंटर ज्या लढाईत जायबंदी झाला तीही याच्याशीच. आणि आता त्याच्या शेजारी बसून, त्याच टेबलावर नकाशे बघत काम करायचं. दरोडा कुठे? पाताळाचा राजा हेडिस याच्या तिजोरीत. चोरायचं काय? येशूच्या शेवटच्या भोजनातला पेला.

हे ऐकायला ‘ओशन्स इलेव्हन’सारखं वाटतं आणि वाचायला तसंच पळतं. टोळी जमवणं, एकमेकांवर संशय, तिजोरीचे एकामागून एक तीन दरवाजे. पण दरोड्याच्या खाली दुसरं पुस्तक चालू आहे आणि ते सगळं देण्याघेण्याचं आहे. मोजून बघा. मॅबने हॅरीला उसना दिलाय. हॅरीच्या डोक्यात एक बिनभाड्याचा भाडेकरू राहतोय. टोळीतला गुडमन ग्रे हा रूपं बदलणारा, थंड डोक्याचा प्राणी फक्त ‘भाडं’ भरण्यासाठी काम करतो. ते भाडं कुणाला, कशाचं, हे तो सांगत नाही, आणि त्याची फी निघते एक डॉलर. लंगडणाऱ्या मायकलला पुन्हा तलवार उचलता यावी म्हणून उरिएल हा देवदूत आपली सगळी शक्ती त्याला थोड्या वेळासाठी उसनी देतो आणि स्वतः साधा मर्त्य माणूस होऊन बसतो. अख्खा दरोडासुद्धा शेवटी वसुली निघतो. दहाव्या पुस्तकात निकोडेमसने करार मोडून जो विश्वासघात केला होता, त्याची परतफेड मॅबने इतकी वर्षं राखून ठेवलेली असते.

हे पहिल्या पुस्तकात जमणं शक्य नाही. एक हजार रुपये परत मिळाले तर आनंद होतो, पण ते दहा वर्षांपूर्वी दिलेले असले आणि बुडाले असं धरून आपण विसरलेलो असलो तर तो आनंद वेगळा असतो. मायकल तलवार उचलतो त्या प्रसंगात मला जे वाटलं ते त्या पानावरच्या वाक्यांतून आलं नव्हतं. वाक्यं साधीच आहेत. ते आलं मधल्या चार पुस्तकांतून, ज्यांत हा माणूस काठी टेकत पोरांना शाळेत सोडत होता, घरं बांधत होता आणि आपल्याला काही कमी पडलंय असं कधी दाखवत नव्हता. लेखकाने तेवढा वेळ आपल्याकडून घेतला होता, तो इथे परत केला.

म्हणूनच हे पुस्तक सुटं वाचून निकाल देणं अन्यायाचं होतं. २०१५ साली ‘स्किन गेम’ला ह्यूगो पुरस्काराचं नामांकन होतं. त्या वर्षीच्या नामांकनांमागे गटबाजीची मोठी भानगड झाली होती, ती बाजूला ठेवू. पुरस्कार लिऊ त्सिशिनच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला गेला, आणि तो योग्यच होता. पण एरवीही पंधरावं पुस्तक त्या स्पर्धेत काय करणार? मतदाराने मागची चौदा वाचली नसतील तर त्याच्या हातात फक्त परतफेड पडते. मूळ उसनवारी त्याला माहीतच नसते.

उंबरठा

आता माहुल.

बुचरच्या जगात घराच्या उंबरठ्याला ताकद असते. व्हँपायरला आणि तशा बऱ्याच गोष्टींना बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, आणि जादूगार न बोलावता आत शिरला तर त्याची बरीचशी शक्ती बाहेर राहते. पण ही ताकद विटांची नाही. त्या घरात माणसं किती वर्षं राहिली, किती जन्म, किती आजारपणं, किती भांडणं आणि जेवणं झाली, त्यावर ती ठरते. मायकलच्या गजबजलेल्या घराचा उंबरठा अभेद्य आहे. एकट्या हॅरीच्या भाड्याच्या तळघराचा कच्चा. उंबरठ्याला हळदकुंकू वाहणाऱ्या, दारावर लिंबूमिरची टांगणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकन वाचकाला ती फॅन्टसी वाटत असेल, मला ती आजीकडून ऐकलेली वाटली.

माहुल हे खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. समोरच्या चिखलात हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. १९५०च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने आले, मग औष्णिक वीज, खतं, रसायनांच्या टाक्या. पुढे याच पट्ट्यात प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तोडून तिथल्या हजारो कुटुंबांना इथे आणलं गेलं. जलवाहिनी सुरक्षित राहावी, आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅक व्हावा, यासाठी. लोक विद्याविहारला रस्त्यावर बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना माहुलला राहायची सक्ती करू नका आणि दुसरीकडे घर घेण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला.

हे सगळं डोक्यात असताना उंबरठ्याचा नियम वेगळा वाचला जातो. जुन्या वस्तीतलं घर पत्र्याचं असेल, पण त्याला कित्येक वर्षांचा उंबरठा होता. नवीन घर पक्कं आहे, पण त्याचा उंबरठा कालचा. आणि इथे येणाऱ्या गोष्टीला आमंत्रण लागत नाही. संध्याकाळी वारा फिरला की वास घरात शिरतो. बंद खिडकी, ओला टॉवेल, लिंबूमिरची, कशालाच तो जुमानत नाही. बुचरच्या राक्षसांना निदान नियम आहेत. त्यांनी दिलेला शब्द त्यांना बांधतो.

आणि मॅबचा व्यवहारही वेगळा दिसतो. शहराला आपली एक गरज भागवायची होती आणि त्या व्यवहारात त्याने माणसं देऊन टाकली. उसना दिलेला माणूस म्हणजे काय, हे पुस्तकात वाचण्याआधी इथे माहीत होतं.

‘फॅन्टसी वास्तवावर भाष्य करते’ हे वाक्य इतक्या वेळा वापरलं गेलंय की ते मी वापरणार नाही. मला इतकंच म्हणायचंय की ‘स्किन गेम’ शहराच्या ज्या भागात घडतं तो भाग ओळखीचा आहे. निकोडेमसची टोळी जमते ती बंद पडलेल्या कत्तलखान्यात, आणि शिकागोचं नाव एकेकाळी कत्तलखान्यांवरच मोठं झालं होतं. पृथ्वीगोलावर बोट ठेवून निवडलेलं शहर पंधराव्या पुस्तकापर्यंत आपल्या मागच्या दाराने आत येतं. शहर जिथे आपली घाण ठेवतं तिथेच त्याचे करार होतात, एवढं बुचरला तोपर्यंत कळलेलं आहे.

‘निवड’ नावाचा आजार

पण याच जागेवरून वाचताना मला या मालिकेचं सर्वात लाडकं तत्त्व खटकतं. बुचरच्या जगात सर्वात पवित्र गोष्ट म्हणजे माणसाची निवड. देवदूतसुद्धा तिच्यात ढवळाढवळ करू शकत नाहीत. मायकल हॅरीला हेच परत परत समजावतो: मॅबचा सरदार झालास म्हणून तू राक्षस होत नाहीस, तू रोज काय निवडतोस त्यावर ते ठरतं. हॅरीचा टफपणाही यातूनच येतो. परिस्थिती कितीही आवळली तरी तो तिसरा रस्ता काढतो. या पुस्तकात तर तो आपल्यापासूनही लपवून काढतो. ग्रेला त्याने आधीच स्वतःच्या बाजूने नेमलेलं असतं, आणि निवेदक असूनही तो ते शेवटच्या टप्प्यात सांगतो. काही वाचकांना ही फसवणूक वाटते. मला ती आवडली, कारण दरोड्याच्या गोष्टीत प्रेक्षकालाही थोडं लुटायचं असतं.

तत्त्व म्हणून मात्र हे अपुरं आहे. हॅरीने मॅबची चाकरी पत्करली तेव्हा त्याची कोंडी झालेली होती, पण करार त्याच्यासमोर होता आणि हो म्हणणारा तो होता. ज्यांच्या नावाने करार दुसऱ्यांनीच केला त्यांच्या निवडीचं काय? या प्रश्नाला मालिकेत जागा नाही. एकट्या माणसाची एकटी निवड, हे टफ नायकाच्या गोष्टीचं इंजिन आहे आणि तिची मर्यादाही. आपल्याकडच्या झुंजारलाही हाच आजार होता. माहुलची लढाई एकट्याने कुणी जिंकली नाही. ती बैठकींनी, अर्जांनी, आजारी माणसांच्या याद्यांनी आणि तारखांनी पुढे सरकली. चामडी कोट घालून यातलं काहीच करता येत नाही.

दुसरा दोष लपवण्यासारखा नाही. हॅरी प्रत्येक बाईचं वर्णन आधी तिच्या अंगाने करतो. मॅबच्या शक्तीमुळे त्याच्या वासना भडकल्या आहेत, अशी सबब शेवटच्या काही पुस्तकांत आहे, पण सबब शोधली म्हणजे सवय गेली असं नाही. या पुस्तकात हॅना अ‍ॅशर आली की पानं उगाच चिकट होतात. त्यामानाने निकोडेमसची मुलगी डीअर्ड्रा अगदी थोड्या जागेत लक्षात राहते. तिसरा दरवाजा रक्ताचा आहे आणि तो उघडायला एक जीव लागतो. ती तो स्वतःहून देते आणि बाप तो घेतो. या प्रसंगाला बुचर विनोदाची फोडणी देत नाही. इथून पुढे निकोडेमसचा आवाज बदलतो. दोन हजार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या खात्यात असं देणं पडतं जे दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलता येत नाही.

पोल्का वाजवणारा डॉक्टर

तरीही हे पुस्तक मला मालिकेतलं सर्वात चांगलं वाटतं, आणि त्याचं कारण हॅरी नाही. कारण आहे वॉल्डो बटर्स.

बटर्स हा शवागारात काम करणारा बुटका डॉक्टर. तो पाचव्या पुस्तकात आला. सातव्या ‘डेड बीट’मध्ये त्याला पहिल्यांदा खरा राक्षस दिसला आणि तो अक्षरशः थिजला. पोल्का संगीताचा वेडा, अंगावर ढोल-झांजा बांधून एकट्याने अख्खा बँड वाजवणारा. त्या पुस्तकात हॅरी संग्रहालयातल्या डायनोसॉरच्या सांगाड्याला जिवंत करून शिकागोच्या रस्त्यांतून पळवतो, आणि त्या जादूला लागणारा ठेका सांभाळायला मागे बसून ढोल कोण वाजवतं? बटर्स. मराठीत ज्याला ‘हा काय करणार’ म्हणतात तो माणूस.

पंधराव्या पुस्तकापर्यंत तो रोज रात्री गस्त घालतोय, कारण हॅरी मेलेला होता, मग बेटावर गायब होता, आणि शहराला कुणीतरी हवं होतं. त्याला हॅरीचा भरवसा उरलेला नाही. परत आलेला मित्र मॅबची चाकरी करतो, निकोडेमसबरोबर फिरतो, काही सांगत नाही. बटर्स त्याचा पाठलाग करतो. हॅरीला हे लागतं, आपल्यालाही लागतं, कारण आपण पंधरा पुस्तकं हॅरीच्या डोक्यात बसून आहोत आणि तो बाहेरून कसा दिसतो हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं.

या पाठलागातून सगळं बिघडतं. टोळी बटर्सच्या मागे लागते. मायकलच्या घराला देवदूतांचा पहारा आहे, पण तो कुंपणापर्यंतच. कुंपणाबाहेर मर्फी आपल्या हातातली पवित्र तलवार रागाच्या भरात, न्यायाधीश होऊन चालवते आणि ती तलवार तुटते. तेव्हा मायकल, ज्याला घरात बसून राहायचा पूर्ण हक्क होता, लंगडत दाराबाहेर येतो. उरिएलची उसनवारी इथेच होते. आणि शेवटी, दरोडा संपल्यावर, निकोडेमस पुन्हा त्या घराशी येतो. आत मुलं आहेत. अंगणात उभं राहायला कुणी धड उरलेलं नाही. तुटक्या तलवारीची नुसती मूठ घेऊन बटर्स उभा राहतो. जिंकण्यासाठी नाही, आतल्या मुलांना तेवढाच वेळ मिळावा म्हणून. आणि त्या मुठीतून प्रकाशाचं पातं उमटतं.

‘स्टार वॉर्स’ बघितलेल्या प्रत्येकाला कळतं ते काय आहे. बटर्सलाही कळतं. प्रसंग बालिश आहे आणि मी तो तीनदा वाचला. दहा पुस्तकं ज्याला आपण विनोदी पात्र समजलो त्याच्यावर मालिका इतका वेळ पैसे लावून बसली होती, हे त्या क्षणी कळतं. एकट्या नायकाच्या निवडीबद्दल वर जी तक्रार केली, तिचं अर्धं उत्तरही इथे मिळतं. हॅरी नसताना शहर कुणी सांभाळलं, याचं उत्तर हे पुस्तक एका घाबरट डॉक्टरकडे बोट दाखवून देतं. टफ म्हणजे काय, तर जागा सोडून न जाणारा. हॅरी हे अनेकदा बोलतो. बटर्स ते करत होता आणि आपलं लक्ष नव्हतं.

या लढाईनंतर हॅरी मायकलच्या घरात आपल्या मुलीशेजारी बसतो. जिला वाचवण्यासाठी मॅबचं सगळं ओझं घेतलं, तिच्याशी त्याची धड ओळखसुद्धा नाही. दोन हजार वर्षांच्या सैतानाला टोमणे मारणाऱ्या माणसाला एका लहान मुलीशी काय बोलावं ते सुचत नाही. एक बाप आपली मुलगी दरवाज्यासाठी देऊन आलाय हे आपण नुकतंच बघितलेलं असतं. बुचर दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून टिपणी करत नाही, हे त्याच्यासारख्या बडबड्या लेखकाच्या मानाने खूप आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: पहिली दोन पुस्तकं जड गेली तर ‘डेड बीट’पासून धरा. ते सुटं वाचता येतं, आणि बटर्स तिथेच खऱ्या अर्थाने भेटतो. तिथून क्रमाने ‘स्किन गेम’पर्यंत या. मधलं एकही गाळू नका, दहावं ‘स्मॉल फेव्हर’ आणि बारावं ‘चेंजेस’ तर अजिबात नाही. पुढच्या पुस्तकासाठी बुचरने वाचकांना २०२०पर्यंत थांबवलं, त्यामुळे इथे एक मुक्काम करायला हरकत नाही.

आणि कुणी मराठीत अशी मालिका लिहायला घेणार असेल, तर त्याला शहर निवडायला पृथ्वीगोलाची गरज पडणार नाही. समर्थांची विद्या आपल्याकडे आहे, झुंजारची तडफ आहे, गावाची वेस, खाडी, चाळ, एसआरएची इमारत सगळं आहे. फक्त नायकाला एक उधारी द्यावी लागेल, आणि ती पुढच्या पुस्तकात माफ करायची नाही.